विकिमीडिया कॉमन्स : कॅलेंडर आणि पुस्तकं छापणाऱ्यांच्या कितपत कामाचं?

किल्ले, देवळं, पक्षी, जुने नकाशे असं काहीही छापायचं असेल तर विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचा, २००४ पासून चालू असलेला मोफत छायाचित्रं-चित्रांचा हा साठा आधी चाळून बघावा. फायली दहा कोटींच्या वर आहेत. ‘व्यावसायिक वापर नको’ किंवा ‘बदल करू नका’ अशी अट असलेली छायाचित्रं इथे मुळात ठेवूच देत नाहीत, त्यामुळे कॅलेंडर विकून पैसे कमवायला आडकाठी नाही. पैसे द्यायचे नसतात, श्रेय द्यायचं असतं. आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

‘साभार : गुगल’ किंवा ‘विकिपीडियावरून’ या ओळीला काडीची किंमत नाही. सीसी बाय-एसए या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याला छायाचित्रकाराचं नाव (त्याने फाईलच्या पानावर दिलंय तसंच, टोपणनाव असलं तरी), परवान्याचं नाव आवृत्तीसकट, परवान्याचा वेब पत्ता, मूळ फाईलचा दुवा आणि बदल केला असेल तर त्याचा उल्लेख लागतो. छापील पानावर लांबलचक पत्ते नको असतील तर शेवटच्या पानावर सगळ्या चित्रांची यादी द्यावी; महिन्याचं नाव घातलं की कुठलं श्रेय कुठल्या चित्राचं ते कळतं.

आवृत्ती बघायला विसरू नका. ३.० आणि त्याआधीच्या परवान्यांत अट मोडली की परवाना तिथल्या तिथे संपतो. ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. मधल्या काळाबद्दल छायाचित्रकार तरीही दाद मागू शकतो. नुसत्या श्रेयओळीवरून नोटीस पाठवून पैसे मागणारे महाभागही आहेत, आणि छापून वाटलेल्या प्रती काही परत गोळा करता येत नाहीत.

‘एसए’चा, म्हणजे ‘बदललेलं कामही याच परवान्याखाली द्या’ या अटीचा, बाऊ मात्र उगाच होतो. छायाचित्र जसंच्या तसं वर आणि तारखांचा तक्ता खाली, एवढ्याने अख्खं कॅलेंडर त्या परवान्याखाली जात नाही. पण त्यातला किल्ला कापून तुमच्या चित्रकाराच्या ढगांवर चिकटवलात, तर ते नवं चित्र त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. पुढच्या वर्षी स्पर्धकाने तेच छापलं तर बोलायला तोंड नाही. असं जोडकाम करायचं असेल तर शोधाच्या परवाना-चाळणीत ‘निर्बंध नाहीत’ हा पर्याय निवडा. मुखपृष्ठावर ‘सर्व हक्क राखीव’ छापताना ‘छायाचित्रं वगळून’ हे शब्दही घाला.

जुन्या काही फायलींवर फक्त जीएफडीएल (ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स) हा दुसरा मुक्त परवाना असतो. त्यात परवान्याचा अख्खा मजकूर सोबत छापावा लागतो, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी निकाल लागला. सोबत सीसीचाही पर्याय दिला असेल तर तो घ्यावा.

दर्जा फार खालीवर आहे. ए४ पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. चित्राखालचा ‘मूळ फाईल’ हा दुवा उघडून आकडा तपासा, पानावर दिसते ती छोटी प्रत उचलू नका. रंग आरजीबीत (पडद्याच्या रंगपद्धतीत) असतात, सीएमवायके (छपाईच्या शाईची रंगपद्धत) करताना हिरवे-निळे मळतात, तेव्हा प्रूफ काढाच.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे चढवणाऱ्याचा शब्द. ‘स्वतःचं काम’ म्हणून दुसऱ्याचं छायाचित्र टाकणारे असतात. पानाच्या तळाशी कॅमेऱ्याची माहिती नसेल, आकार किरकोळ असेल आणि त्या व्यक्तीच्या बाकीच्या फायली काढून टाकलेल्या दिसत असतील, तर ते चित्र सोडा. उलट-प्रतिमा शोध, म्हणजे चित्र देऊन ते इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते बघणं, मिनिटभराचं काम आहे. फाईल उतरवली त्याच दिवशी तिचं पान पीडीएफ करून ठेवा. छायाचित्रकाराने नंतर मन बदललं तरी तुमचा परवाना जात नाही, फक्त तो होता हे दाखवता आलं पाहिजे.

परवाना छायाचित्रापुरताच असतो. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचं छायाचित्र भारतीय कायद्याला चालतं, भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ती सूट नाही. ओळखू येणारा चेहरा जाहिरातीत वापरायचा तर त्या माणसाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.