फीडमधली बातमी: मथळा आणि दुवा, की परवानगीने पूर्ण मजकूर?

फीड म्हणजे बातम्यांच्या संकेतस्थळाची आपोआप ताजी होणारी यादी. ती सगळ्यांना खुली असते, म्हणून तिच्यातला मजकूरही आपल्या संकेतस्थळावर फुकट वापरता येतो, असा समज पक्का रुजलाय. तो चुकीचा आहे. घटनेवर कोणाची मालकी नसते, पण बातमीदाराने लिहिलेल्या वाक्यांवर असते.

मथळा देऊन मूळ पानाचा दुवा जोडला, तर सहसा कुणाकडे हात पसरावे लागत नाहीत आणि वाचकही मूळ लेखकाकडे पोहोचतो. सोबत दोन ओळी आपल्या शब्दांत लिहाव्यात. पहिला परिच्छेद जसाच्या तसा उचलणं मात्र धोक्याचं. अमेरिकेत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातम्यांचे उतारे ग्राहकांना पुरवणाऱ्या मेल्टवॉटर कंपनीचा 'उचित वापरा'चा (म्हणजे कायद्याने परवानगीशिवाय करू दिलेल्या मर्यादित वापराचा) बचाव २०१३ मध्ये न्यायालयाने फेटाळला.

पूर्ण बातमी हवी असेल, तर लेखी परवानगी घ्या. 'स्रोत: अमुक' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. इंग्रजी बातमीचा मराठी अनुवादही यातच येतो. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात अनुवादाचा हक्क मूळ हक्कधारकाचाच आहे. शिवाय छायाचित्राचे हक्क अनेकदा वेगळ्याच संस्थेकडे असतात, तेव्हा त्याबद्दल स्वतंत्र विचारावं.

छोट्या संकेतस्थळाला मी पहिलाच मार्ग सुचवेन.