ओपनस्ट्रीटमॅप: लोकांचा नकाशा खरोखर लोकांच्या हाती

२००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरील, लोकांनी मिळून भरलेल्या नकाशाकडे बहुतेक जण केवळ फुकटचा नकाशा म्हणून पाहतात. माझ्या मते या सेवेचा खरा कस, लोकांनी भरलेली माहिती ती लोकांना कितपत मोकळेपणाने परत देते यावर लागतो, आणि तिथे ती फार वरच्या दर्जाची ठरते.

संपूर्ण जगाची माहिती ‘प्लॅनेट’ फाइलच्या रूपाने दर आठवड्याला प्रसिद्ध होते. ती उतरवून घेण्यासाठी ना खाते लागते, ना पैसे. ती घरच्या संगणकाला झेपणारी नाही, म्हणून जिओफॅब्रिक ही जर्मन कंपनी देशवार तुकडे पुरवते. भारताच्या पश्चिम विभागाच्या तुकड्यात महाराष्ट्र येतो. थोडकीच माहिती हवी असेल तर या नकाशातली हवी तेवढीच माहिती शोधून देणाऱ्या ओव्हरपास टर्बो या संकेतस्थळावर मावळचा भाग समोर ठेवून फक्त किल्ले मागवावेत आणि लोहगड, विसापूर, तिकोना यांची नोंद थेट आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. मात्र एकाच प्रकारच्या गडाला कुणी ‘फोर्ट’ तर कुणी ‘कॅसल’ असा टॅग (प्रकार सांगणारी खूण) लावतो, त्यामुळे दोन्ही मागवले नाहीत तर यादी अपुरी राहते, आणि हे नवख्याला सांगणारे मराठी मार्गदर्शन मिळणे कठीण आहे. अनेक गावांची नावे देवनागरीत भरलेली नाहीत, ही उणीव मला अधिक खटकते.

तरीही माझा विश्वास बसतो तो परवान्यामुळे. संगीताच्या सीडींची माहिती असलेल्या सीडीडीबीमध्ये गाण्यांच्या याद्या हौशी लोकांनी टंकल्या होत्या, आणि पुढे तोच संग्रह ग्रेसनोट या कंपनीच्या मालकीचा होऊन बंदिस्त झाला. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये २०१२ पासून ओपन डेटाबेस लायसन्स लागू आहे: माहिती कुणीही, व्यवसायासाठीसुद्धा, वापरावी; श्रेय द्यावे; आणि तिच्यात भर घालून नवा डेटाबेस प्रसिद्ध केला तर तोही याच अटींवर खुला ठेवावा. शिवाय हा परवाना बदलायचा झाल्यास नवा परवानाही मुक्तच असावा लागतो व त्याला सक्रिय योगदात्यांच्या दोन तृतीयांश बहुमताची संमती लागते, असे माहिती भरण्यासाठी खाते उघडतानाच्या करारात लिहिलेले आहे. आपल्या गावातली विहीर किंवा पायवाट नकाशात भरणाऱ्याने तो करार अवश्य वाचावा.