वायरगार्डसाठी नवा कर्नल की स्वतंत्र मॉड्यूल?

जुन्या लिनक्स सर्व्हरवर वायरगार्ड हा व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) प्रोटोकॉल आणू पाहणाऱ्या एका सहकाऱ्यापुढे दोन मार्ग आहेत: वायरगार्ड अंगभूत असलेला, २०२० मध्ये आलेला ५.६ किंवा त्यापुढील कर्नल (लिनक्सचा गाभा) बसवणे, अथवा ३.१० ते ५.५ या कर्नलांसाठीचे स्वतंत्र मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) डीकेएमएसद्वारे, म्हणजे कर्नलनुसार मॉड्यूल आपोआप तयार करणाऱ्या साधनाद्वारे, संकलित करणे. मॉड्यूल चालू यंत्रणेतच चढवता येते. कर्नल बदलल्यास रीबूट अटळ असून इतर ड्रायव्हरांची चाचणीही पुन्हा घ्यावी लागते. खरा फरक मात्र देखभालीत आहे, कारण कर्नलच्या प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर मॉड्यूल नव्याने संकलित व्हावे लागते, त्यासाठी लागणाऱ्या नव्या कर्नलच्या हेडर फायली नसल्यास ते राहून जाते (आणि हे बहुधा रीबूटनंतरच लक्षात येते), शिवाय सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह डिजिटल स्वाक्षरी असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्यास मॉड्यूलवरील स्वाक्षरीची जबाबदारीही आपल्यावरच येते. कर्नल बदलण्याची मुभाच नसेल, तर मॉड्यूल घ्यावे; वर्षानुवर्षे फारसे लक्ष न देता चालवायच्या सर्व्हरसाठी नवा कर्नलच योग्य.