थंड टाइलवर काय अंथरावं : फोम मॅट, हीटिंग मॅट की गालिचा?

डिसेंबर सरत आला की ग्वाल्हेरात रात्रीचा पारा ४-५ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. धुकं धरलं तर दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही. अशा वेळी अंगावर स्वेटर, शाल, रजई सगळं असतं, पण पलंगावरून पाय खाली टेकला की गारठा थेट टाचेतून वर चढतो. खोलीत हीटर लावून हा प्रश्न सुटत नाही. गरम हवा वर जाते आणि फरशी होती तशीच राहते. खरं तर टाइल आणि शेजारचं लाकडी कपाट यांचं तापमान जवळपास सारखंच असतं, पण टाइल पायातली ऊब लाकडापेक्षा कितीतरी पट वेगाने ओढून घेते. म्हणून पाय आणि टाइल यांच्यामध्ये काहीतरी हवंच.

तुमच्या मजल्याखाली मोकळं पार्किंग असेल, तर ही निवड जरा लवकर करा. तिथे स्लॅबला खालूनही वारा लागतो. तळमजल्यावर खालची जमीन थोडीफार ऊब धरून ठेवते.

पातळ व्हिनाइल शीट मी विचारातच घेतलं नाही. दिसायला छान, पण एक-दीड मिलिमीटरने थंडी अडत नाही. राहिले तीन पर्याय.

एकात एक अडकणाऱ्या फोमच्या चौकोनी मॅट स्वस्त असतात, हलक्या असतात आणि पायाला पहिल्या क्षणापासून उबदार लागतात. लहान मूल रांगत असेल तर पडलं तरी लागत नाही. केवळ ऊब पाहायची तर मी यांनाच पहिला नंबर दिला असता. माझं मन उडालं ते पोछ्यामुळे. आपल्या घरांत फरशी रोज पुसली जाते. पाणी सांध्यांतून खाली उतरतं आणि वरचा फोम त्याची वाफ बाहेर जाऊ देत नाही. शिवाय मॅटखालची टाइल खोलीच्या उबेपासून तुटते, त्यामुळे उघड्या टाइलपेक्षाही गार होते आणि हवेतला दमटपणा तिच्यावर धरतो. धुक्याच्या दिवसांत ते वाळायला वावच नसतो. मग कुबट वास, ग्राउटमध्ये, म्हणजे टाइलच्या फटींतल्या भरावात, काळी रेघ, आणि रोज सकाळी सगळे तुकडे सुटे करून उभे करायचे, पुसायचं, वाळू द्यायचं, पुन्हा जोडायचे. गार पाण्यात हात घालून फरशी पुसणाऱ्या मावशींवर हे वाढीव काम टाकणं मला पटेना. तुमच्याकडे कोरडाच झाडू फिरत असेल, तर कदाचित हा त्रास होणारही नाही.

गालिच्याखाली अंथरायची विजेची हीटिंग मॅट हा दुसरा पर्याय, आणि तो मी नाकारत नाही. दोन चौरस मीटरची मॅट ३०० वॅटची धरली तर ५ तासांत दीड युनिट जळतं. २००० वॅटचा हीटर तेवढी वीज पाऊण तासात खातो. सांधेदुखी असलेल्या आजी-आजोबांची बसायची जागा ठरलेली असेल, तर तेवढ्याच जागेपुरती ही घ्यावी. पण थर्मोस्टॅट हवाच, घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवी, आणि मॅट दुमडायची नाही की तिच्यावर दिवाण ठेवायचा नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर मात्र ही नको. चटका बसतो आणि कळत नाही.

आमच्याकडे टिकला तो लोकरी गालिचा, खाली जाड नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाजम, घालून. पहिला क्षण फोमइतका उबदार नसेलही, पण पाय थोडा वेळ टेकला की तो ऊब धरून ठेवतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतका दमटपणा पोटात घेऊनही ओली लागत नाही, आणि हवा खेळती राहते. पुसायच्या वेळी एका टोकाने गुंडाळायचा, फरशी कोरडी झाली की पुन्हा सोडायचा. आई सकाळी देवपूजेला बसते तिथपासून पलंगापर्यंतची वाट याने झाकली आणि तिची पायमोज्यांवर पायमोजे चढवण्याची सवय सुटली.

घ्यायचा तर गावातलाच पाहा. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दुकानात तो उलटा करून बघा: मागून गाठी आणि नक्षी दोन्ही स्पष्ट दिसली, तर गाठींचा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे टोचून चिकटवलेला. त्यात लॅटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा, थर असतो, म्हणजे दमटपणा अडकण्याची तीच कटकट मागच्या दाराने घरात येते. गाठींचा महाग पडतो हे खरं. मी म्हणेन, अख्ख्या खोलीभर टफ्टेड घेण्यापेक्षा पलंगाजवळ पुरेल एवढाच गाठींचा घ्या. होळीनंतर उन्हात उलटा टाकून झटका आणि घडी न घालता डांबराच्या गोळ्यांसह गुंडाळून ठेवा. कसर लागते ती झटकायच्या आळसानेच.