नाताळच्या ‘एकमेव’ तबकडीपायी गेलेले ३४० डॉलर

जुनी, चमत्कारिक नाताळगाणी जमवणाऱ्यांपैकी कुणाला सध्या ‘१९६७ सालची एकमेव ॲसिटेट’ तबकडी कुणी देऊ केली असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मी ३४० डॉलर घालवून बसलो आहे.

मी मूळचा वसईचा, आता न्यू जर्सीत राहतो. लहानपणी नाताळात चर्चमध्ये जी मराठी गीतं म्हणायचो, त्यांतली काही लिहिणारा माणूस आमच्या शेजारच्याच वाडीत राहायचा. इथे आल्यावर ‘साँग-पोएम’च्या तबकड्यांनी मला धरून ठेवलं ते बहुधा त्यामुळेच. ती गाणीही अशाच साध्या माणसांनी लिहिलेली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत मासिकांच्या मागच्या पानांवर ‘कविता हव्यात’ अशा जाहिराती यायच्या. कविता पाठवली की तुमच्यात प्रतिभा आहे असं पत्र यायचं आणि मग चाल लावून ध्वनिमुद्रण करायचे पैसे मागितले जायचे, ७५ डॉलरपासून काही शे डॉलरपर्यंत. स्टुडिओत भाडोत्री गायक-वादक एकामागून एक गाणी उरकत, बहुतेकदा पहिल्याच प्रयत्नात. कवीच्या हाती मोजक्या प्रती पडत आणि गाणं रेडिओवर वाजेल ही आशा तिथेच संपे. गृहिणी, कामगार, निवृत्त लोक, सगळे यात पैसे घालून बसले. तरीही त्या घाईतून कधीकधी विलक्षण काही निघालं. रॉड कीथ नावाचा संगीतकार चेंबरलिन वाजवून एकटाच अख्खा वाद्यवृंद उभा करायचा. चेंबरलिनमध्ये प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याच्या आवाजाची टेप असते. कीथ १९७४ च्या डिसेंबरात हॉलिवूडमध्ये महामार्गावरच्या पुलावरून पडून वारला. २००३ साली आमच्या न्यू जर्सीतल्याच बार-नन या कंपनीनं अशा नाताळगाण्यांचा एक संग्रह काढला. त्यात सांता चक्क अण्वस्त्रावर बसून येतो. लोक हसतात. मला मात्र त्या ओळी लिहिणाऱ्या माणसाचा टेबलाशी बसलेला चेहरा दिसतो.

माझी ही हळवी जागा विक्रेत्यानं बरोबर हेरली. गेल्या ऑक्टोबरात मला एका बाईंचा निरोप आला. आपल्या दिवंगत आईनं लिहिलेल्या नाताळगाण्याची दहा इंची ॲसिटेट सापडली आहे, म्हणाल्या. ॲसिटेट म्हणजे कारखान्यात छपाई होण्याआधी ऐकण्यापुरती कापलेली तबकडी, म्हणून एकमेव. सोबत एका पत्राचा फोटो होता. कंपनीचं टंकलिखित पत्र, तीन घड्यांचं, उजव्या कोपऱ्यात कॉफीचा अर्धगोल डाग. आईनं किराण्याच्या पैशांतून बचत करून हे पैसे भरले होते, असं त्यांनी लिहिलं होतं. ते वाचून मी दोनदा घरात फेऱ्या मारल्या.

तबकडीच्या मधल्या भोकाचा जवळून फोटो मी मागितला होता. घरात आजारपण आहे, सवड झाली की पाठवते, असं उत्तर आलं. पुन्हा मागायचा मला संकोच वाटला. पैसे ‘ओळखीच्या माणसाला’ या पर्यायातून पाठवले तर चाळीस डॉलर कमी करते, असंही त्या म्हणाल्या. त्या पर्यायात खरेदीदाराला काहीही संरक्षण नसतं, हे मला माहीत होतं. तरी पाठवले.

पार्सल उघडून तबकडी हातात घेताक्षणी ती हलकी लागली. खरी ॲसिटेट म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर. भोकाच्या कडेला धातू चमकतो, आणि पुष्कळदा मुख्य भोकाशेजारी, लेबलाखाली, आणखी एखादं भोक असतं. माझ्या तबकडीला कडेपासून भोकापर्यंत नुसतं काळं प्लास्टिक होतं. जुन्या लॅकरमध्ये मिसळलेलं एरंडेल वर्षानुवर्षांनी पृष्ठभागावर पांढरट, तुपकट थर आणतं. इथे वासही नव्या प्लास्टिकचा. हल्ली छोट्या यंत्रावर अशी एकेक प्रत घरबसल्या कापता येते. तो धंदा चांगला आहे, नव्या गायकांना त्याचा उपयोगही होतो. पण त्यावर टंकलेखनाचं पिवळट लेबल चिकटवलं की ती १९६७ ची होत नाही.

तरीही मन मानेना. मी गाणं वाजवलं. दुसऱ्या कडव्यात एक ‘टक’ ऐकू आला. भिंग घेऊन त्या जागी पाहिलं तर खाचेवर ओरखडा नाही. तबकडी धुतली, पुन्हा वाजवली, टक जिथल्या तिथे. मग ओहायोतल्या एका मित्राला फोनवरच गाणं ऐकवलं. तो आमच्यातला सर्वांत जुना संग्राहक. कडवं पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, “ही माझी रेकॉर्ड आहे.” याच गाण्याची कारखान्यात छापलेली ४५, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी, त्याच्याकडे आहे, पोस्टात चरा पडलेली. काही वर्षांपूर्वी त्यानं ती संगणकावर उतरवून आम्हां सगळ्यांना फुकट वाटली होती, गाणं हरवू नये म्हणून. कुणीतरी तीच फाइल घेऊन तबकडी कापली, आणि त्याच्या रेकॉर्डचा चराही सोबत आला. लेबलवर कवयित्री म्हणून वेगळ्याच कुणाचं तरी नाव होतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला. जिनं खरोखर पैसे भरून ते गाणं करवून घेतलं, तिचं नावसुद्धा पुसलं गेलं.

पैसे पाठवणाऱ्या सेवेनं, अपेक्षेप्रमाणे, हात वर केले. इंटरनेट गुन्ह्यांच्या सरकारी केंद्राकडे तक्रार केली आहे. माल टपालानं आला म्हणून टपाल तपास विभागालाही कळवलं. पाकीट, खोका, निरोप, सगळं जपून ठेवलं आहे. तुम्ही फसला असाल तर तुम्हीही काही फेकू नका. विकत घ्यायची असेल तर भोकाचा आणि कडेचा फोटो मिळेपर्यंत थांबा, घरात कितीही आजारपण सांगितलं तरी. आणि गाण्याचा थोडा तुकडा आधी मागून घ्या. आमच्यापैकी कुणीतरी तो ओळखेल.

तबकडी मी मोडली नाही. लेबलवर आणि कव्हरवर न पुसणाऱ्या शाईनं ‘नवी, नकली’ असं लिहून ठेवलं आहे, माझ्यामागे कुणी ती खरी म्हणून विकू नये यासाठी.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. काल मित्रानं मला एक नवी जाहिरात पाठवली. गाणं दुसरं, विक्रेत्याचं नाव दुसरं, आई नाही तर आजी. पत्र मात्र तेच आहे, तीन घड्यांचं, उजव्या कोपऱ्यात कॉफीचा अर्धगोल डाग.