पाइप कारखान्यातील एकत्रित ईआरपी सेवा: वर्षभर वापरल्यानंतरचा अभिप्राय

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री आणि हिशेब ही सारी कामे गेल्या वर्षी एकाच ईआरपी प्रणालीवर, म्हणजे सर्व विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या संगणक प्रणालीवर, आणली गेली. गोदामाची जबाबदारी माझ्याकडे असल्याने हा अभिप्राय रोज त्या पडद्यासमोर बसणाऱ्याचा आहे.

पूर्वी हिशेब टॅलीत, साठा एक्सेलमध्ये आणि उत्पादन पाळीच्या रजिस्टरात असे. महिनाअखेरीस तिन्हींचा मेळ बसवण्यात चार दिवस जात. रेझिन, म्हणजे पाइपचा कच्चा माल, 25 किलोच्या पोत्यांत येते, मिक्सरला किलोवर लागते आणि पाइप मात्र नगावर विकला जातो. शिवाय एकाच पाइपला विक्री विभाग ‘अडीच इंची’ म्हणे, तर उत्पादन विभाग ‘75 एमएम, 4 किलो’. यातले 4 किलो म्हणजे दाब, वजन नव्हे, हे समजून घेण्यासाठी सेवा देणाऱ्या संस्थेची माणसे वजनकाट्याजवळ उभी राहिली आणि पहिले तीन आठवडे त्यांनी फक्त मालाची नावे व एकके एक करण्यात घालवले. मला त्यांचे हेच काम सर्वांत मोलाचे वाटते.

भंगाराच्या बाबतीत मात्र सुरुवातीला चूक झाली. एक्स्ट्रूडर (पाइप घडवणारे यंत्र) सुरू होताना निघणारा वाकडा पाइप आणि कापलेले तुकडे आम्ही दळून पुन्हा मिश्रणात घेतो. प्रणाली ते सरळ नुकसान धरत असल्याने साठ्यात दर आठवड्याला खोटी तूट दिसे. आम्ही तक्रार केल्यावर दळलेला माल स्वतंत्र नावाने, वजन करून साठ्यात परत येऊ लागला, आणि आता कोणत्या पाळीत किती भंगार निघाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवरील उलाढालीला ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद, बंधनकारक झाल्यापासून आम्ही तेच बिल दोनदा टाइप करत होतो. नव्या प्रणालीने तो त्रास संपला.

संस्थेची खरी उणीव प्रशिक्षणात राहिली. ते कार्यालयातील आम्हा मंडळींना नीट मिळाले, पण रात्रपाळीच्या सुपरवायझरला इंग्रजी पडद्यासमोर तसेच बसवले गेले. “भाऊ, हे तुकडे कशात धरू?” असा त्यांचा फोन मला महिनाभर रोज येत होता. मराठी पडदा पुढे मिळाला, तो पहिल्या दिवसापासून हवा होता.

आमच्या भागातील डाळ मिल आणि चटईचे कारखानेही अशी सेवा घेण्याच्या विचारात आहेत. तुरीतून डाळ, चुनी आणि टरफल असे अनेक माल निघतात, तेव्हा पाइपसाठी केलेली मांडणी तिथे जशीच्या तशी चालणार नाही. बदल कधी करायचा हेही पाहावे: शेतीच्या पाइपची मागणी उन्हाळ्यात वाढते, म्हणून आम्ही पावसाळा निवडला आणि तो निर्णय योग्य ठरला. दुसऱ्या युनिटसाठी मी याच संस्थेची शिफारस केली आहे. फक्त रात्रपाळीचे प्रशिक्षण या वेळी करारात लिहून घेण्यास सांगितले आहे.