अळूच्या पानातला ख्रिसमस : कॅम्पातलं हवाईयन जेवण

पुण्यात कॅम्पात ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एक छोटं कॅफे आहे, तिथे डिसेंबरभर शनिवार-रविवारी संध्याकाळी हवाईयन ख्रिसमस डिनर चालू आहे, सेट मेन्यू, माणशी अठराशे रुपये. आधीच सांगते, लाऊलाऊसाठी जा, नक्की जा. बाकी काही गोष्टी भारी आहेत, काही अजिबात पटल्या नाहीत, सगळं नीट लिहिते कारण आपल्याकडे हवाईयन म्हटलं की लोकांना अननस घातलेला पिझ्झा एवढंच आठवतं, आणि तो पिझ्झा तर १९६२ साली कॅनडात ओंटारियोमध्ये निघाला, त्याचा हवाईशी संबंध अननसाच्या डब्यावरच्या नावापुरता.

तर लाऊलाऊ. अळूच्या पानांत पोर्कचे चरबीवाले तुकडे आणि खारवलेल्या माशाचा एक तुकडा गुंडाळायचा, वरून टी नावाच्या झाडाच्या पानाचं पुडकं बांधायचं (आपल्या नर्सरीत शोभेचं कॉर्डिलाइन मिळतं ना, तेच) आणि तासन् तास वाफवायचं. इथे टीच्या ऐवजी केळीचं पान वापरलंय, ते चालतंय. पण आतलं अळू म्हणजे आपलंच अळू, अगदी तीच वनस्पती, तिकडे तिला कालो म्हणतात. पुडकं उघडलं की पान बोटाने तुटेल इतकं मऊ, चरबी सगळी त्याच्यात मुरलेली आणि माशाचा खारटपणा मधेमधे लागतो, वरून मसाला म्हणून काही नाही, आणि तरी पुढचा घास कधी घेतोय असं होतं.

आईला बरोबर नेलं होतं, ती मासे-मटण सगळं खाते पण अळू तिच्या हातचंच खाते. पहिला घास घेतला आणि घसा खवखवतो का बघत गप्प बसली. मग शेफना बोलावून घेतलं, "चिंच नाही, चुका नाही, मग खाजलं कसं नाही हो?" ते म्हणाले, "काकू, पाच तास वाफेवर होतं, त्याला दुसरा इलाजच नाही." अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, खाज त्यांचीच. आपण आंबट घालून मारतो, हवाईत वेळ देऊन मारतात. शेफ काही वर्षं होनोलुलूच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये होते, तिकडे कमी शिजवलेलं अळू ताटात गेलं तर काय बोलणी बसतात तेही त्यांनी सांगितलं. आईने घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी अळू आणायला लावलं यातच काय ते समजा.

व्हेज लाऊलाऊ पण आहे, रताळं आणि नारळाचं दूध घातलेलं, आणि मार्गशीर्ष चालू असल्यामुळे शेजारच्या दोन टेबलांवर तेच चाललं होतं. रताळं हे हवाईचं जुनं मुख्य अन्न, त्यामुळे ही काही पोर्क काढून केलेली तडजोड नाही, मुद्दाम मागून खाण्यासारखं आहे.

पोईबद्दल दोन मतं पडतील. अळूचे कंद उकडून पाणी घालत कुटतात आणि ती जांभळट करड्या रंगाची लगदाछाप पोई एक-दोन दिवस ठेवून आंबवतात. जितकी घट्ट तितकी कमी बोटांनी उचलता येते, म्हणून तिकडे एका बोटाची, दोन बोटांची असं मापच आहे. नुसती खाल्ली तर काहीच लागत नाही, प्लीज नुसती खाऊन वाटी बाजूला ठेवू नका, खारट पोर्कबरोबर एक घास पोई असं घ्या, मग तिचा आंबटपणा कळतो. मेन्यू कार्डाच्या मागे तिची गोष्ट दिलीये ती मला फार आवडली : आकाशपिता वाकेआचं पहिलं मूल जन्मतःच गेलं, त्याला पुरलं तिथे अळू उगवलं, आणि नंतर झालेल्या दुसऱ्या मुलापासून माणसं झाली. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. म्हणून पोईचं भांडं उघडं असेल तर तिथे भांडायचं नाही अशी रीत आहे. सणाच्या जेवणाला याहून चांगला नियम मला तरी माहीत नाही.

कालुआ पिग पण उत्तम. खरी पद्धत म्हणजे जमिनीत खड्डा करायचा, त्याला इमू म्हणतात, त्यात लाकडं पेटवून दगड लाल होईपर्यंत तापवायचे, वर केळीचे खांब ठेचून टाकायचे, पानं, मग मिठाने चोळलेलं अख्खं डुक्कर, परत पानं, आणि वरून माती. कॅम्पात खड्डा कोण खणू देणार, त्यामुळे इथे बंद भट्टीत केळीच्या पानात होतं. पण धूर खरा आहे, बाटलीतला नाही. हवाईत यासाठी किआवेचं लाकूड वापरतात, आणि किआवे म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण, ते झाड तिकडेही बाहेरूनच आलं, १८२८ साली होनोलुलूतल्या कॅथलिक मिशनच्या आवारात लावलं होतं. शेफ वेड्या बाभळीचाच कोळसा वापरतात. सोलापूर रोडला शेकडो एकर माजलेलं ते झाड असं कामाला आलेलं बघून खरंच बरं वाटलं.

आता ख्रिसमस यात कुठून आला हे पण सांगायला हवं. १७८६ साली कॅप्टन जॉर्ज डिक्सनचं जहाज काउआई बेटावर वायमेआच्या किनाऱ्याला होतं, तिथे खलाशांनी डुक्कर भाजून आणि रममध्ये नारळाचं पाणी की दूध घालून ख्रिसमस केला, हवाईतला नोंदलेला पहिला तो. पुढे १८२० मध्ये न्यू इंग्लंडचे मिशनरी आले पण ते इतके कडक की ख्रिसमस पाळायचेच नाहीत. नंतर राजा चौथा कामेहामेहा आणि राणी एमा यांनी १८६२ मध्ये अँग्लिकन चर्च आणलं आणि मग सण थाटात व्हायला लागला. पण हिवाळ्यात सण होताच त्याआधी, माकाहिकी, सूर्यास्ताला पूर्वेकडे कृत्तिका दिसायला लागल्या की सुरू, जवळजवळ चार महिने, लोनो देवाचा काळ, लढाया बंद, खेळ आणि जेवणं. आपला कार्तिक ज्या कृत्तिकांवरून आहे त्याच.

आणि एक गोष्ट, जी कार्डावर नव्हती पण मला माहीत होती आणि जेवताना सारखी डोक्यात होती. १८१९ पर्यंत हवाईत बायकांना पुरुषांच्या पंगतीला बसायची बंदी होती, डुक्कर, नारळ आणि बहुतेक जातींची केळी खायलाही. त्या वर्षी पहिला कामेहामेहा वारल्यावर काआहुमानू आणि केओपुओलानी या दोन राण्यांनी पुढाकार घेतला आणि नवा राजा सगळ्यांसमोर बायकांबरोबर जेवला, तिथे तो नियम मोडला. म्हणजे माझ्या पानात जे जे होतं, पोर्क, नारळाचं हाउपिया, ते आई आणि मी एका टेबलावर खातोय हे त्या जेवणामुळे. हे कार्डावर छापा असं मी शेफना सांगून आलेय.

हाउपिया मस्त जमलंय, नारळाच्या दुधाचे पांढरे चौकोन, फार गोड नाही. पूर्वी पिया नावाच्या, आरारूटसारख्या कंदाच्या पिठाने घट्ट करायचे, आता तिकडेही कॉर्नफ्लोअर. नारळ ताजा खवलेला आहे हे लगेच कळतं. मालासादा गरम मागा, थंड झाला की त्याच्यात मजा नाही. भोक नसलेला तळलेला गोळा, साखरेत घोळवलेला, मदेइरा आणि अझोर्सहून उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या पोर्तुगीज लोकांनी नेलेला. त्याच लोकांच्या ब्रागिन्या नावाच्या छोट्या तंतुवाद्यापासून उकुलेले झालं, १८७९ नंतर. एक मुलगा कोपऱ्यात बसून ते छान वाजवत होता, हळू. क्वार्टर गेटचं सिटी चर्च तर पेशव्यांनी १७९२ मध्ये दिलेल्या जागेवरचं आणि त्यांच्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांसाठीचं, त्यामुळे पोर्तुगीज वळणाचा ख्रिसमस पुण्याला नवीन नाही. कुलकुल, दोदोल खाऊन वाढलेल्या कॅम्पातल्या काही आज्या मालासादा दोन-दोन घेत होत्या.

पोके (कच्च्या माशाचे मसाला लावलेले तुकडे) ठीक. ट्यूना फ्रोझन आहे, पुण्यात कच्चा मासा द्यायचा तर तसाच द्यावा, पण तिळाचं तेल जास्त झालंय.

आता न पटलेलं. हुली-हुली चिकनवर अननसाचे तुकडे आणि लाल चेरी, कशासाठी? ते चिकन १९५५ साली हवाईतल्या ओआहू बेटावर निघालं, दोन जाळ्यांत धरून उलटसुलट भाजायचं, सोया आणि आल्याच्या सॉसमध्ये. चिकन चांगलं होतं, चेरीखाली लपवलं. भिंतीवर टिकीचे (पॉलिनेशियन देवमूर्तींसारखे) मुखवटे, ती सगळी टिकी बारची सजावट १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातून सुरू झालेली. नऊ वाजता लिंबो (आडव्या काठीखालून मागे वाकून जायचा नाच) लावला, लिंबो त्रिनिदादचा आहे. आणि वाढणाऱ्या मुलींना प्लॅस्टिकच्या गवताचे घागरे घातले होते, त्या सारख्या ते सावरत होत्या, मला ते बघवलं नाही. हुला, म्हणजे हवाईचा नाच, ही मान देऊन शिकायची विद्या आहे, तिचा असा पोशाखी खेळ करू नये, आणि मुलींना साधे सुती कपडे दिले तर त्या आरामात वाढतील.

सगळ्यात जास्त खटकलं ते दारात गळ्यात घातलेले प्लॅस्टिकचे लेई, म्हणजे हार. अहो, हवाईत निशिगंधाचे लेई करतात! मार्केट यार्डात पहाटे निशिगंध ढिगाने असतो, तो ओवायला किती वेळ लागतो? लेई दिला की नाही म्हणायचं नाही, देणाऱ्यासमोर काढायचा नाही, आणि नंतर कचऱ्यात टाकायचा नाही, मातीत परत द्यायचा, अशी तिकडची पद्धत. प्लॅस्टिकचं काय परत देणार मातीला. मालकीणबाईंना बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या आठवड्यापासून खरी फुलं बघते म्हणाल्या. बघू. झाड मात्र बरोबर होतं, कुंडीतलं अरोकेरिया, जे आपण ख्रिसमस ट्री म्हणून घेतो, हवाईतही बऱ्याच घरी तेच सजवतात.

फोन करून बुकिंग करा आणि लाऊलाऊ किती हवेत ते तेव्हाच सांगा, दुपारीच वाफेवर चढतात त्यामुळे ऐनवेळी जास्तीचे मिळत नाहीत. साडेसातची बॅच घ्या, लिंबोच्या आत जेवण होतं. पार्किंग नाही, रिक्षाने जा. लहान मुलांसाठी भात, कालुआ पिग आणि कोबी असं साधं ताट सांगितलं तर करून देतात, मेन्यूवर नाहीये ते.